वाद्यासोबत कॉम्प्युटर वाजवायला शिकताना

एखादं वाद्य थोडंफार वाजवता येतं, हाताशी कॉम्प्युटर आहे, आणि दोघांना एकत्र आणून आधी काहीही न ठरवता तिथल्या तिथे वाजवून बघायचंय, अशांसाठी हा लेख आहे. तयार ट्रॅक लावून त्यावर वाद्य वाजवणं हा वेगळा प्रकार आहे. त्याबद्दल इथे काही सापडणार नाही. इथल्या कॉम्प्युटरकडे स्वतःचा एकही आवाज नाही. त्याच्याकडे जे येतं ते मायक्रोफोनमधून, म्हणजे तुमच्या वाद्यातून येतं. ते तो साठवतो, लांबवतो, त्याचे तुकडे करतो आणि पुन्हा तुमच्यासमोर ठेवतो. ते ऐकून तुम्ही पुढचं वाजवता.

नवशिक्यानं कॉम्प्युटरकडे लक्षात ठेवणारा सोबती म्हणून बघावं, असं माझं ठाम मत आहे. काय लक्षात ठेवायचं, किती वेळ ठेवायचं आणि कधी विसरायचं, हे तीन निर्णय कानानं घेता आले की बाकीचं तंत्र हळूहळू जमतं. हे निर्णय राहून गेले, तर कितीही महाग सॉफ्टवेअर असलं तरी वादन गोंगाटाकडे सरकत जातं.

ही कल्पना आजच्या लॅपटॉपपेक्षा बरीच जुनी आहे. १९६०च्या दशकात टेरी रायली यांनी दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोन्हींतून फिरवली. पहिल्यावर आवाज रेकॉर्ड व्हायचा, टेप सरकत दुसऱ्यापर्यंत पोचली की तोच आवाज काही सेकंद उशिरा ऐकू यायचा. या परत येणाऱ्या आवाजावर सॅक्सोफोनची भर घालत त्यांनी रात्रभरच्या मैफली केल्या. पॉलीन ऑलिव्हेरोस यांनी अशाच टेपच्या विलंबापासून सुरुवात करून आपल्या अकॉर्डियनसाठी एक मोठी व्यवस्था उभी केली आणि पुढे ती कॉम्प्युटरवर आणली. आपण खाली जे बांधणार आहोत ते याच वंशातलं आहे.

आधी कॉम्प्युटर बंद ठेवा

सुरुवातीचे काही दिवस फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि पाच-पाच मिनिटं वाद्यातून नुसते आवाज काढा. सुरावट नको, ठेका नको. बासरीतून सूर न लागता जाणारी हवा, छिद्रांवर बोटं आपटल्याचा टप्प असा आवाज. व्हायोलिनवर घोडीच्या अगदी जवळ फिरवलेला गज, तारेवर बोट नुसतं टेकवून निघणारे पातळ हार्मोनिक. गिटारच्या खोक्यावरची थाप, घोडीपलीकडच्या तारांचा आखूड झणत्कार. झांजेच्या कडेवर गज फिरवला तर ती किंचाळते, मध्यावर बोट ठेवलं तर गुदमरते. वर्षानुवर्षं वाजवत असलेल्या वाद्यातही न ऐकलेले आवाज निघतात.

मग रेकॉर्डिंग ऐकून या आवाजांचे तीन गट करा: लांब टिकणारे, तुटक, आणि ज्यांना नेमका सूर नाही असे खरखरीत. ही वर्गवारी पुढे रोज कामी येते. लांब आवाज कॉम्प्युटरच्या स्मृतीत एकमेकांवर चढतात आणि त्यांचा दाट थर होतो. तुटक आवाज परत आले की आपोआप लय तयार होते, तुम्हाला हवी असो वा नसो. खरखरीत आवाजांचा सांधा कानाला कळत नाही, म्हणून ते कितीही वेळा परत आले तरी पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही. कॉम्प्युटरला काय द्यायचं हे ठरवताना हे तीन गट डोक्यात असले पाहिजेत.

आणखी एक सराव: पाच मिनिटं वाजवा, पण त्यातला निम्मा वेळ गप्प राहा. हे अवघड जातं. पण ज्याला थांबता येत नाही त्याला सोबत्याचं ऐकायला जागाच मिळत नाही, मग तो सोबती माणूस असो की यंत्र.

साहित्य

दोन इनपुटचं साधं ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं आणि परत बाहेर आणणारं यंत्र, पुरतं. त्यात मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मायक्रोफोनला केबलमधूनच मिळणारी वीज) आणि गिटार थेट लावता येईल असं इन्स्ट्रुमेंट इनपुट असावं. शिवाय कान पूर्ण झाकणारा हेडफोन, एक स्पीकर आणि पायानं चालवायचं एखादं मिडी पेडल, म्हणजे पाय हलवला की कॉम्प्युटरला आकडे पाठवणारं पेडल. सुरुवातीला एवढंच घ्या.

मायक्रोफोनबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण कॉम्प्युटरला ऐकू येतं ते त्याच्याच कानांनी. हळू, बारीक आवाजांसाठी कंडेन्सर मायक्रोफोन चांगला. त्यालाच फँटम पॉवर लागते. डायनॅमिक मायक्रोफोन कमी संवेदनशील असतो, पण शेजारच्या स्पीकरचा आवाज त्यात कमी शिरतो, म्हणून थेट वादनात तो पुष्कळदा जास्त उपयोगी ठरतो. कार्डिऑइड प्रकारचा घ्या: तो समोरून ऐकतो आणि पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. असा मायक्रोफोन वाद्याच्या जितका जवळ न्याल तितका खर्ज फुगतो. पंधरा-वीस सेंटिमीटरवरून सुरुवात करा आणि कानाला पटेपर्यंत सरकवत राहा.

तिसरा पर्याय म्हणजे वाद्याच्या अंगावर चिकटवायची पिएझो चकती, म्हणजेच काँटॅक्ट मायक्रोफोन. ती हवेतला आवाज जवळजवळ ऐकत नाही, लाकडाची किंवा धातूची थरथर पकडते. त्यामुळे बोटाची हलकी घासही मोठी होऊन येते. एक काळजी घ्या: ती इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लावा, जिथे इंपिडन्स (विजेला होणारा अडथळा) सुमारे १ मेगाओहम असतो. साध्या लाइन इनपुटला लावली तर खर्ज गायब होतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. अनेकांना वाटतं चकतीच वाईट निघाली.

मायक्रोफोन कसा धरायचा हाच वादनाचा भाग होऊ शकतो, हे कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन यांनी १९६४ मध्ये ‘मिक्रोफोनी १’ या रचनेत दाखवून दिलं. एका मोठ्या टॅम-टॅमभोवती (मोठ्या धातूच्या घंटेसारख्या तबकाभोवती) सहा जण: दोघं तो वेगवेगळ्या वस्तूंनी वाजवतात, दोघं हातातले मायक्रोफोन त्याच्या पृष्ठभागाजवळून फिरवतात आणि दोघं फिल्टर चालवतात. मायक्रोफोन जवळ नेला की कानाला एरवी कधीच न पोचणारे आवाज समोर येतात. हेडफोन लावून, मायक्रोफोन हातात घेऊन आपल्या वाद्याभोवती एकदा तरी असा फेरफटका माराच.

पातळी लावताना सर्वांत जोरात वाजवा आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (इंटरफेस मायक्रोफोनचा आवाज किती वाढवून आत घेतो ते) ठेवा. हेडफोनमध्ये आवाज कमी वाटला तर हेडफोनचं बटण फिरवा, गेन वाढवू नका.

विलंब

कॉम्प्युटर आवाज एकेक नमुना (एका क्षणाचं मोजमाप) करून घेत नाही, गठ्ठ्यानं घेतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. सेकंदाला ४८,००० नमुने आणि बफर १२८ नमुन्यांचा असेल तर एका गठ्ठ्याला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. आत यायला एक, बाहेर जायला एक, त्यात इंटरफेसचा स्वतःचा वेळ, असं धरून फेरी साधारण १० मिलिसेकंदांत संपावी. हवेतून आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हा उशीर तीन-साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराइतकाच झाला. बफर फार लहान केला तर कॉम्प्युटरला दम लागतो आणि कडकड ऐकू येते. तसं झालं तर २५६ वर जा. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिरानं आवाज आत-बाहेर नेणारा प्रोग्रॅम) वापरा, मॅकवर कोअर ऑडिओ असतंच.

आपण जे वाजवणार आहोत त्यात मुळातच सेकंदांचा विलंब आहे. त्यामुळे चार-पाच मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तर झोप उडवून घेऊ नका.

सॉफ्टवेअर

पॅरिसच्या इर्काम या संस्थेत १९८०च्या दशकात मिलर पकेट यांनी मॅक्स हा प्रोग्रॅम घडवला. वाद्य आणि कॉम्प्युटर यांच्या थेट वादनात तो आजही सर्रास दिसतो, पण तो विकत घ्यावा लागतो. त्याच पकेट यांनी १९९६ मध्ये प्युअर डेटा आणला, ज्याला सगळे पीडी म्हणतात. तो मोफत आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. त्याच वर्षी जेम्स मॅकार्टनी यांनी सुपरकोलायडर प्रसिद्ध केला. तोही आता मोफत मिळतो, पण त्यात सगळं लिहून करावं लागतं. कोड लिहायची सवय असेल तर तो निवडा. बाकीच्यांनी पीडीपासून सुरुवात करावी असं मी सुचवेन. त्यात चौकटी काढायच्या आणि तारांनी जोडायच्या; अशा जोडणीला पॅच म्हणतात. आवाज कुठून कुठे जातो हे डोळ्यांना दिसतं आणि चूक शोधणं सोपं जातं.

पहिलं पॅच: तीन दांड्यांची स्मृती

पीडीत नवं पान उघडा. कंट्रोल आणि १ दाबलं की रिकामी चौकट येते (मॅकवर कमांड आणि १). चौकटीत नाव रोमन लिपीत टाइप करायचं. आवाज हाताळणाऱ्या प्रत्येक चौकटीच्या नावाशेवटी टिल्ड हे नागमोडी चिन्ह असतं. ते विसरलं की चौकट चालत नाही.

पहिली चौकट एडीसी टिल्ड (adc~), म्हणजे मायक्रोफोन. तिच्या डाव्या टोकाखाली हिप टिल्ड (hip~), पुढे जागा सोडून ८०. हा फिल्टर ८० हर्ट्झखालचा घुरघुराट अडवतो. स्मृतीत तोच सर्वांत आधी साचतो, म्हणून तो दाराबाहेरच थांबवायचा. त्याखाली तारांकन आणि टिल्ड, म्हणजे गुणाकार. पुढे आकडा लिहू नका, नाहीतर उजव्या बाजूला आवाजाची तार जोडता येत नाही. त्याखाली डीलराइट टिल्ड (delwrite~); पुढे स्मृतीचं एखादं नाव आणि ५०००. आता पाच सेकंदांची स्मृती तयार झाली.

बाजूला डीलरीड टिल्ड (delread~), तेच नाव, पुढे ३०००. इथून तीन सेकंदांपूर्वीचा आवाज बाहेर येईल. त्याची एक तार दुसऱ्या गुणाकारातून परत डीलराइटच्या तोंडात सोडा. एकाच तोंडात अनेक तारा आल्या तर पीडी त्यांची बेरीज करतो, त्यामुळे वेगळं मिक्सर लागत नाही. डीलरीडचीच दुसरी तार तिसऱ्या गुणाकारात, तिथून क्लिप टिल्ड (clip~) उणे ०.९ आणि ०.९ मध्ये, आणि शेवटी स्पीकरकडे जाणाऱ्या डीएसी टिल्डच्या (dac~) दोन्ही तोंडांत. क्लिपची चौकट गाळू नका. काही बिघडलं तरी आवाज ठरावीक मर्यादेबाहेर जाणार नाही याची ती हमी आहे.

तिन्ही गुणाकारांना एकेक आडवी सरकदांडी लावा. पीडीत ती मुळात ० ते १२७ पर्यंत जाते. गुणधर्मांत जाऊन ती ० ते १ करा. दांडी आणि गुणाकार यांच्यामध्ये एक मेसेजची चौकट, त्यात डॉलरचं चिन्ह, त्याला चिकटून १, मग जागा सोडून ३०. तिच्याखाली लाइन टिल्ड (line~). ती गुणाकाराच्या उजव्या तोंडात. याचा अर्थ नवा आकडा ३० मिलिसेकंदांत हळूच गाठा. हे न केल्यास दांडी हलवताना खरखर येते.

या तीन दांड्यांना मी दार, आयुष्य आणि आवाज म्हणते. दार ठरवतं की काय आत घ्यायचं. आयुष्य ठरवतं की आत गेलेलं किती वेळ फिरत राहील. आवाज ठरवतो की त्यातलं किती ऐकू येईल. आयुष्याची वरची मर्यादा १ ऐवजी ०.९५ ठेवा.

आता आकड्यांकडे जरा नीट बघू, कारण वादनाचा सगळा स्वभाव त्यांत आहे. आयुष्य ०.७ असेल तर प्रत्येक फेरीला आवाज आधीच्या ७० टक्के उरतो. दहा फेऱ्यांनंतर, म्हणजे अर्ध्या मिनिटात, मूळ पातळीच्या सुमारे ३ टक्के. जवळपास विसरला. ०.९५ ठेवलं तर दहा फेऱ्यांनंतरही सुमारे ६० टक्के शिल्लक असतो, आणि ३ टक्क्यांपर्यंत उतरायला तीन मिनिटांहून जास्त लागतात. बरोबर १ वर तो कधीच विसरत नाही. १ च्या वर गेलात तर प्रत्येक फेरीला तो आत फुगतच जातो; क्लिप फक्त बाहेर ऐकू येणारा आवाज मर्यादेत ठेवते. दांडीच्या या शेवटच्या जराशा जागेतच अर्ध्या मिनिटापासून कित्येक मिनिटांपर्यंतचा सगळा फरक भरलाय, म्हणून ती फार हळू हलवायला शिका.

कंट्रोल आणि तिरपी रेघ दाबून आवाज सुरू करा. पहिल्यांदा हेडफोननंच, आणि त्याचा आवाज अगदी खाली ठेवून.

हे पॅच वाजवायचं कसं

दार बंद ठेवून वाजवा. काही झालं नाही, बरोबर. आता एकच सूर लावताना दार उघडा आणि सूर संपायच्या आत बंद करा. तो सूर तीन सेकंदांनी परत येईल. तुम्ही मात्र त्यात लगेच भर घालू नका. तो दोनदा, तीनदा येऊ द्या. त्याच्या आजूबाजूला काय रिकामं आहे ते ऐका आणि तिथे दार बंद ठेवूनच काहीतरी वाजवा.

दार बंद ठेवून वाजवणं ही मला या प्रकारातली सर्वांत मोठी शिकवण वाटते. नवशिक्यांचं दार कायम उघडं असतं. जे वाजवलं ते सगळं आत जातं, दोन मिनिटांत थर इतका जाड होतो की वाद्य त्यात बुडतं. स्मृतीत थोडंच टाका, आणि जे टाकाल ते ऐकून टाका.

आता एक गंमत करून बघा. आयुष्य ०.९५ वर न्या, एक तुटक आवाज आत घ्या आणि मग ‘आवाज’ दांडी शून्यावर आणा. ऐकू काही येत नाही, पण आत तो फिरतोच आहे. मिनिटभर दुसरंच काही वाजवा, मग दांडी हळूहळू वर घ्या. मघाचा आवाज फिकट होऊन परत येतो आणि श्रोत्याला तो ओळखीचा वाटतो, कुठून आला ते मात्र आठवत नाही. ऐकू न येणं आणि विसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; खरोखर विसरायचं असेल तर आयुष्य शून्यावर न्यायला हवं. ज्या दिवशी हा फरक तुमच्या हातांना कळेल त्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटर वाजवू लागलात असं समजा.

म्हणून विसरण्याची सोयही नीट बांधा. एक बटण असं की आवाज चार सेकंदांत शून्यावर जाईल: मेसेजमध्ये ० आणि ४००० लिहून तो ‘आवाज’च्या लाइन टिल्डला जोडा. दुसरं बटण आयुष्य तात्काळ शून्य करणारं. तिसरं संकटकाळाचं: मेसेजच्या चौकटीत सेमीकोलन, मग पीडी, डीएसपी आणि ०. ते दाबलं की सगळा आवाज जागच्या जागी बंद. हे तिसरं बटण पडद्यावर मोठं आणि लाल ठेवा.

तुकड्यांची स्मृती

पहिलं पॅच हातात बसल्यावरच पुढे जा. महिना लागला तरी चालेल. दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीत आवाज क्रमानं परत येत नाही. पीडीत ९६,००० नमुन्यांची एक अ‍ॅरे (नमुने ओळीनं साठवायची जागा) करा, म्हणजे दोन सेकंद. टॅबराइट टिल्ड (tabwrite~) तिच्यात आवाज पकडतो, टॅबप्ले टिल्ड (tabplay~) तो वाजवतो. टॅबप्लेला दोन आकडे दिले की तो अमुक नमुन्यापासून तमुक नमुने एवढंच वाजवतो. सुरुवात ० ते ९१,२०० मधून कुठलीही घ्या (रँडम ही चौकट त्यासाठीच आहे) आणि लांबी ४८०० ठेवा, म्हणजे १०० मिलिसेकंद. ठरावीक वेळानं ठोका देणारी मेट्रोची (metro) चौकट जोडून दर १२० मिलिसेकंदांनी नवा तुकडा काढा. बासरीचा एक दीर्घ सूर आता पानांच्या सळसळीसारखा ऐकू येईल. तुकड्याच्या दोन्ही टोकांना टिक असा आवाज येत असेल तर तुकडा दहा मिलिसेकंदांत चढवा आणि शेवटच्या दहांत उतरवा.

आवाजाचे असे सूक्ष्म कण करण्याचा विचार भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांनी १९४०च्या दशकात मांडला होता. कण साधारण १० ते १०० मिलिसेकंदांचे असले तर त्यांचं स्वतंत्र अस्तित्व जाऊन पोत उरतो. लांबी वाढवत नेली की वाद्य पुन्हा ओळखू येऊ लागतं. ओळख आणि अनोळख यांच्यामधलं हे अंतर हळूहळू पार करता आलं तर त्या एकाच दांडीवर दहा मिनिटं वाजवता येतील.

हात मोकळे नाहीत, मग?

दोन्ही हात वाद्यावर असतील तर पाय वापरा. मिडी पेडलचा आकडा ० ते १२७ येतो. त्याला १२७ नं भागून दांडीच्या जागी लावा. दार पायाखालच्या बटणावर, आवाज पेडलवर, आयुष्य आधी ठरवलेलं. याहून जास्त गोष्टी पायांना देऊ नका.

कॉम्प्युटरलाच थोडं ऐकायला लावणं हा दुसरा मार्ग. एन्व्ह टिल्ड (env~) ही चौकट येणाऱ्या आवाजाची पातळी ० ते १०० च्या डेसिबल मोजपट्टीवर सांगते. खोली शांत असताना ती किती दाखवते आणि वाजवताना किती, ते बघून ठेवा. मग उलटी जोडणी करा: तुम्ही जोरात असाल तेव्हा स्मृती खाली, तुम्ही थांबलात की ती वर. एवढ्या साध्या नियमानंही संवाद चालल्यासारखं वाटतं आणि पाय मोकळे होतात. पीडीत सिग्मंड टिल्ड (sigmund~) सूर ओळखतो, बाँक टिल्ड (bonk~) आघात ओळखतो. सूर ओळखायला वेळ लागतो हे लक्षात असू द्या. १०० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तनच १० मिलिसेकंदांचं असतं आणि ओळख पटायला अशी काही आवर्तनं लागतात, म्हणून खर्जातली वाद्यं इथे मागे पडतात.

या वाटेच्या पुढच्या टोकाला काय आहे हे ऐकायचं असेल तर ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुइस यांचं ‘व्हॉयेजर’ ऐका. १९८७ पासूनची ही व्यवस्था वादकाचं वादन ऐकते, त्याला प्रतिसाद देते, आणि माणूस गप्प असला तरी स्वतः वाजवत राहते. तिथे कॉम्प्युटर हाताखालचं साधन नाही, मंचावरचा बरोबरीचा वादक आहे.

खोली आणि स्पीकर

स्पीकर एकच ठेवा आणि तो वादकाजवळ, वाद्याच्या उंचीवर ठेवा. वाद्य एका बाजूला आणि त्याची स्मृती दोन कोपऱ्यांतल्या मोठ्या स्पीकरमधून आली तर दोन आवाज कधीच एक होत नाहीत. मूळ वाद्याचा आवाज स्पीकरमधून सोडू नका. तो हवेतून येतोच आहे. लहान खोलीत तेवढा पुरतो, आणि स्पीकरमधून काय आलं, हातातून काय आलं हे ऐकणाऱ्यालाही कळतं.

स्पीकर मायक्रोफोनच्या पाठीमागे येईल असा ठेवा, जिथे कार्डिऑइड बहिरा असतो. तरी स्पीकरचा काही आवाज मायक्रोफोनमध्ये जाणारच, आणि तो फिरत फिरत खोलीच्या आवडीच्या सुरांना फुगवणार. हे कसं घडतं ते अल्विन ल्यूसिये यांच्या १९६९ च्या ‘आय अ‍ॅम सिटिंग इन अ रूम’मध्ये स्पष्ट ऐकू येतं: बोललेलं वाक्य खोलीत वाजवून पुन्हा रेकॉर्ड करायचं, तेही पुन्हा वाजवायचं, शब्द विरघळून खोलीचे सूर उरेपर्यंत. तुमच्या पॅचमध्ये खोली ही न जोडलेली चौथी दांडी आहे. नव्या जागी गेल्यावर आधी आयुष्य वाढवत नेऊन कोणता सूर शिट्टी मारायला लागतो ते शोधा. तो टाळायचा की वादनात घ्यायचा हे त्यानंतर ठरवा.

कानांची काळजी घ्या. फीडबॅकची शिट्टी हेडफोनमध्ये अचानक आली तर खरोखर इजा होऊ शकते. क्लिप आणि लाल बटण त्यासाठीच आहेत.

दोघांनी मिळून

एकानं वाद्य आणि दुसऱ्यानं कॉम्प्युटर घेतला तर आणखी एक जबाबदारी येते: कॉम्प्युटरवाल्याच्या हातात जे आहे ते समोरच्याचं वाजवलेलं आहे. काय पकडणार, पुढे कुठे वापरणार, हे आधी बोलून घ्या. लॅपटॉप खाली आणि थोडा तिरका ठेवा, म्हणजे पडद्याआडून एकमेकांचा चेहरा आणि श्वास दिसेल. वाद्य वाजवणाऱ्याची सुरुवात श्वासात किंवा खांद्यात आधी दिसते. ती दिसली नाही तर दार उघडायला नेहमीच उशीर होतो.

सरावासाठी काही बंधनं घालून बघा. पाच मिनिटांत कॉम्प्युटरनं एकदाच आवाज पकडायचा. किंवा वादकानं फक्त स्पीकरमधून ऐकू आलेलंच वाजवायचं. किंवा दोघांपैकी प्रत्येकानं एक पूर्ण मिनिट गप्प राहायचं, कधी ते न सांगता. या शेवटच्या बंधनात वादन पटकन सुधारतं, कारण समोरचा थांबलाय की नुसता श्वास घेतोय हे कानानं शोधावं लागतं.

शेवट कसा करायचा हा प्रश्न इथे फार येतो. वादक थांबला तरी स्मृती चालू असते, मग संपलं कधी? माझा सल्ला असा की शेवटाची सूत्रं वादकाकडे द्यावीत. त्यानं वाद्य खाली घेतलं की कॉम्प्युटरवाल्यानं नवं काही आत घ्यायचं नाही, आयुष्य ०.७ च्या खाली आणायचं आणि उरलेलं आपोआप विरू द्यायचं. ओढून लांबवलेला शेवट ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

लोकांसमोर पहिल्यांदा

दहा-बारा मिनिटं पुरे. लॅपटॉप चार्जरला जोडलेला, इंटरनेट बंद, सूचना बंद. पॅच उघडताच तिन्ही दांड्या शून्यावर येतील असं लोडबँग (loadbang) या, पॅच उघडताच आपोआप चालणाऱ्या चौकटीनं करून ठेवा. लाइनमध्ये हुंकारासारखी सतत घरघर असेल तर चार्जर क्षणभर काढून बघा. ती गेली तर दोष ग्राउंडचा आहे आणि ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोड तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे लाइनच्या मध्ये जोडायचा छोटा डबा, लागेल. साउंडचेकमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत जोरात, दोन्ही वाजवा. खोली भरली की माणसं उंच सूर शोषतात, त्यामुळे रिकाम्या खोलीत जरा तीक्ष्ण वाटलं तर लगेच बदलू नका.

आणि रेकॉर्ड करा, पण दोन वेगळ्या ट्रॅकवर: एकात मायक्रोफोनचा कोरा आवाज, दुसऱ्यात स्पीकरला गेलेला. हा कोरा ट्रॅक फार मोलाचा असतो. पॅचमध्ये एडीसीच्या जागी तो ट्रॅक वाजवणारी रीडएसएफ टिल्ड (readsf~) चौकट जोडली की वाद्य हातात न घेता तेच वादन पुन्हा स्मृतीत सोडता येतं, आणि दोन्ही हात दांड्यांसाठी मोकळे होतात. त्या दिवशी दार कुठे उघडायला हवं होतं, कुठे मिटायला हवं होतं, हे तिथे शांतपणे शोधता येतं. प्रत्येक वेळी वापरलेलं पॅचही तारखेच्या नावानं वेगळं जपून ठेवा. पुढच्या वेळी बदल करताना त्याची प्रत घ्या, मूळ फाइलला हात लावू नका.